कणकेवरून मोहन्यापर्यंत

विमलकाकूंची माझी ओळख झाली ती सेफ्टी डोअरच्या जाळीतून, आणि पुढेही बहुतेक तशीच राहिली. ठाण्यात बाळकुमच्या आमच्या टॉवरमध्ये त्यांचं दार माझ्या दारासमोर. मुलगा हेमंत आणि सून सकाळी कामाला जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालत. मी घरूनच काम करणारी, म्हणून एक चावी माझ्याकडे. "फक्त इमर्जन्सीला हं," असं हेमंतने बजावलेलं. पहिल्याच दिवशी काकू जाळीला नाक लावून म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, मी चावत नाही. तरी कोंडून ठेवलंय."

त्यांचा गुन्हा एवढाच, की एकदा कुणाला न सांगता त्या कल्याणपलीकडे मोहन्याला गेल्या होत्या. नवरा तिथल्या कारखान्यात होता, सगळा संसार तिथल्याच चाळीत झालेला. नवरा गेल्यावर मुलाने बाळकुमला आणलं. त्या दिवशी मोबाइल घरीच राहिला. जुन्या शेजारणीशी पोटभर गप्पा मारून काकू संध्याकाळी परतल्या, तर हेमंत गेटपाशी रडत बसलेला. दुसऱ्या दिवसापासून कुलूप. डोकं ठणठणीत असलेल्या बाईला असं कोंडून घालणं मला सहन व्हायचं नाही, आणि हेमंतशी भांडायची हिंमतही व्हायची नाही.

मग पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या नातीने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. काकूंच्याच वयाची एक जपानी बाई 'उडोन' नावाच्या जाडजूड शेवया करत होती, आणि कणकेचा गोळा पिशवीत घालून चक्क पायांनी तुडवत होती. काकूंनी मोबाइललाच हात जोडले. "अन्नाला पाय! शिव शिव!" पुढे काही दिवस हेच. मग एका सकाळी जाळीशी येऊन म्हणाल्या, "मी विचार केला. भाताचा चिखल काय हातांनी तुडवतात? मळणीचे बैल काय सोवळं नेसतात? खाताना पाय लागला तर पाप. करताना लागला तर ते कष्ट."

निम्मी कणीक, निम्मा मैदा, मिठाचं पाणी. घट्ट गोळा जाड पिशवीत, वर धुतलेला पंचा. आधी वाकून गोळ्याला नमस्कार, मग ओट्याला धरून त्यावर पाय. मला जाळीतून स्वयंपाकघराचा तेवढाच कोपरा दिसे. त्या तुडवत आणि मोठ्याने सांगत, "हा बाळकुम नाका... कशेळीचा पूल आला गं, वारा बघ किती!... भिवंडी. खड्डे आहेत तसेच आहेत." कल्याणच्या तोंडाशी, दुर्गाडीपाशी गुडघे बोलायला लागत आणि त्या खाली उतरत. "ती बाई म्हणते, कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ व्हायला हवी. म्हणजे मोहने गाठायला हवं. आपलं मेलं दुर्गाडीलाच अडतं."

जपानी बाईने कुठल्याशा सुक्या माशाचं पाणी केलं होतं. काकूंनी सुके बोंबील उकळले, त्यात आलं, सोया सॉस, वर कांद्याची पात. वास मजलाभर. पण वाडगा काही जाळीतून बाहेर येईना. शेवटी त्यांनी एक लांबलचक शेवई जाळीतून सोडली, मी मान वर करून ती तोंडात घेतली, आणि दोघी खो खो हसलो. हसता हसता मला भलतंच वाईट वाटलं. प्राणिसंग्रहालयात असतं तसं काहीतरी आम्ही करत होतो. मी चावी आणून दार उघडलं.

"चला काकू, रिक्षा बोलावते. मोहन्याला जाऊन उजेडात परत येऊ. हेमंतला फोन करून सांगते."

त्या चपला घालून उंबऱ्यापर्यंत आल्या. लिफ्टकडे बघत उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या.

"नको. फोन केलास तर तो हो म्हणेल, आणि काम टाकून दिवसभर जीव मुठीत धरून बसेल. रागाचं कुलूप असतं ना, तर मीच तोडलं असतं. हे भीतीचं आहे गं. लाव तू."

मी लावलं. इतकं जड कुलूप मी आयुष्यात दुसरं लावलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू दुपारच्या झोपेतच गेल्या. दुसऱ्या दिवशी हेमंतने मला हाक मारली. जाळीचं दार सताड उघडं होतं. फ्रीजमध्ये मुरायला ठेवलेली पिशवी त्याने ओट्यावर काढली होती. आतल्या कणकेवर दोन पावलं उमटलेली, टाचेपासून बोटांपर्यंत.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. कशेळीचा पूल, भिवंडी, दुर्गाडी, सगळं. उंबऱ्यावरचं तेवढं सांगितलं नाही. त्याने दोन्ही हात त्या पावलांवर टेकवले आणि कपाळाला लावले. मग विचारलं, "या वेळी कुठपर्यंत गेली असेल?"

मी कणकेत बोट दाबलं. मुरली की कणीक आपोआप मऊ होते, हे मला ठाऊक होतं.

"मोहन्याला," मी म्हणाले. "पोचल्या होत्या."