तांबडीची बैठकव्यवस्था

कोंबडीला नीट बसता येत नाही, असं माझं ठाम मत होतं.

त्या काळी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, मी शाहूपुरीत पंपांच्या एका दुकानाचं स्टोअर सांभाळायचो. कुठला नट कुठल्या खणात आहे, हे दिवे गेले तरी सांगू शकायचो. त्यामुळं शिवाजी पेठेतल्या आमच्या घरामागं, धुण्याच्या दगडाशेजारी, एका पाटीत भुसा, भुशात कशीही लोटलेली अंडी आणि त्यांवर फुगून बसलेली तांबडी (नाव रंगावरून होतं, रश्श्यावरून नव्हे) हे दृश्य दात घासताना मला रोज खुपायचं.

अंडी साधी नव्हती. आमच्या सौभाग्यवती सुमनबाईंनी ती माहेरच्या कोंबडीची, कागलहून एसटीत मांडीवर धरून आणली होती. पुढं त्या कोंबडीला कुत्र्यानं नेलं. म्हणजे माहेरचा सगळा वंश आता आमच्या पाटीत होता. अंडी फुटायला आली, आणि नेमकी तेव्हाच सुमनच्या भावाची वास्तुशांत निघाली.

जाताना सुमननं बजावलं, "दाणं टाका, पाणी ठेवा. तिला हात लावायचा न्हाय."

"तू तर रोज उचलतीस की."

"ती माझ्या हातात वाढलीया. तुमच्या न्हाय."

हात म्हणजे हात, त्यात माझा-तुझा काय, असा विचार मी केला. (मी पुष्कळ विचार करतो. त्यातूनच पुढचं सगळं होतं.) दुसऱ्या दिवशी दुकानातून नटबोल्टांचा एक रिकामा लाकडी ट्रे घेऊन आलो. प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खण. गडबड नको, धक्काबुक्की नको.

मोटर उचलतात तशी दोन्ही हातांनी तांबडी उचलली. तिनं जो आवाज काढला, तो ऐकून शेजारच्या आक्कांनी कुकरची शिट्टी समजून गॅस बंद केला, असं नंतर कळलं. मी शांतपणे अंडी लावली. मोठी मागं, लहान पुढं. वर तांबडी ठेवली. ती खणांच्या फळ्यांवर बसली, लगेच उठली, स्टॉक कमी भरल्यावर आमचे मालक बघायचे तसं माझ्याकडं बघितलं आणि उडून कुंपणाच्या भिंतीवर गेली.

मी माघार घेतली. ट्रे बाजूला, अंडी परत पाटीत, जशी होती तशी अस्ताव्यस्त. दाणे दाखवले. लांब जाऊन उभा राहिलो. घरात लपून खिडकीतून बघितलं. तांबडी भिंतीवरच. अंड्यांवर माझा मफलर घातला आणि एक कानाला लावून बघितलं. आतून टकटक ऐकू येत होती! आत कोणीतरी दार वाजवत होतं, बाहेर अंडी गार होत होती, आणि मला सुमनचा चेहरा दिसू लागला.

शेवटी तांबडी खाली उतरली. पाटीकडं नाही, दोरीकडं. दोरीवर सुमनचा जांभळ्या फुलांचा गाऊन वाळत होता. त्याच्या झालरीखाली जाऊन ती उभी राहिली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुमन रोज संध्याकाळी तांबडीला हातात घ्यायची ती याच गाऊनमध्ये.

मी गाऊन घातला. दंड बाह्यांत अडकले, पुढची बटणं लागली नाहीत. कोंबडीनं ते चालवून घेतलं. माझ्या मागं मागं पाटीपर्यंत आली, वर चढली, अंडी पोटाखाली घेऊन बसली. मी सुटलो म्हणून उठलो. तीही उठली. मी धुण्याच्या दगडावर बसलो. तीही बसली.

एवढ्यात माझ्या पाठीमागून, भिंतीपलीकडून आक्का म्हणाल्या, "सुमे, लवकर आलीस गं?"

मी वळलो. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत निवांत बघून घेतलं.

"असू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनी स्वतःहून कोणाला सांगितलं नाही. फक्त विचारणाऱ्यांना सांगितलं. सगळ्या गल्लीनं विचारलं.

अंधार पडल्यावर तांबडीनं मला सोडलं. उजाडल्यावर परत गाऊन घालून दगडावर, कामावर. पिल्लं निघाली, वाळली, आणि आईच्या पंखातून जी बाहेर पडली ती थेट गाऊनच्या घोळात शिरली. अशा वेळी मागचं दार उघडून सुमन आली. तिच्या मागं तिचे वडील. मामा जुने पैलवान, बोलणं मोजकं.

"पावणं," ते म्हणाले, "बरं हाय न्हवं?"

"बरं हाय मामा. बसा की."

उठून पाया पडण्याची सोय नव्हती. मांडीवर पिल्लू झोपलं होतं.

सुमननं आधी पाटीत बघितलं. सगळी फुटलेली बघून तिनं श्वास सोडला. मग मांडीवरचं पिल्लू घ्यायला हात पुढं केला. पिल्लानं आरडाओरडा करून माझ्या बाहीत तोंड खुपसलं. माहेरचा वंश वाचला होता. फक्त पक्ष बदलला होता.

"ट्रे कशाला आणलाय?" तिनं विचारलं. मला ऐकू आलं नाही.

त्या दिवाळीला सासुरवाडीहून जावयाचा आहेर आला. दरवर्षी पँटपीस-शर्टपीस असायचा. त्या वर्षी पुडक्यात नवाकोरा गाऊन निघाला, निळ्या फुलांचा, दंडात ऐसपैस. मामांचा अंदाज पैलवानी, माप अचूक.

मी तो लगेच घालून मागच्या दारी गेलो. एकही कोंबडी जवळ आली नाही. निळा सुमन वापरायला लागली. मी जुनाच घालत राहिलो.