एकेचाळीस नंबरची जर्सी

पारख करणे सोपे, सज्जनहो. पारख चुकली असे म्हणणे अवघड. आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गोठलेल्या माळावर ऑर्व्हिल हनाट्युक एकतीस हिवाळे बर्फावरच्या हॉकीचे सामने पाहत हिंडला. एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी तो दर वर्षी वीस होतकरू खेळाडूंची क्रमवार यादी करी. पहिल्या बारांना करार मिळे. तेराव्यापासून पुढच्यांना निरोप.

गोल कोणी केला, हे सारे गाव पाही. ऑर्व्हिल पाही, चेंडूऐवजी असते ती चकती हातची गेल्यावर मागे कोण धावतो. देव भावाचा भुकेला. हा भला माणूसही बर्फावर भावच शोधी.

त्या फेब्रुवारीत एक सामना पाहून बचावपटू केल्विन ड्रॉबटला त्याने सोळावा लावला. टिपण असे: ‘आठ नंबर. दुसऱ्या सत्रानंतर दिसेनासा. मार खायला भितो.’ यादी रवाना झाली.

आठवड्याने त्याच मैदानाच्या कँटीनमध्ये तो बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, पेरोगी, खात बसला असता, खेळाडूंचे कपडे धुणारी डोरीन शेजारी टेकली आणि रक्ताच्या डागांवर करवादू लागली. त्या सामन्यात ड्रॉबटने तोंडावर चकती झेलली, सात टाके पडले. रक्ताळलेली जर्सी घालून खेळू देत नाहीत, म्हणून तिने त्याला जादाची, नाव नसलेली जर्सी दिली. एकेचाळीस नंबरची.

ऑर्व्हिलचा घास हातातच राहिला. शेवटच्या सत्रात एकेचाळीस नंबरने दोनदा अंग झोकून चकती अडवली होती. त्याने ते पाहिले होते. आपल्या यादीतला नाही म्हणून लिहिले मात्र नव्हते.

“एकेचाळीस ड्रॉबट होता?”

“मग काय माझा नवरा होता? एकतीस वर्षं पोरं बघतोयस, ऑर्व्ह, कधी तोंडाकडे बघतोस की नाही?”

जूनमध्ये ऑर्व्हिलची नेमणूक नव्याने व्हायची होती, आणि वरिष्ठ प्रेंटिस जुनी माणसे कमी करण्यास निमित्तच शोधीत होता. गप्प राहिला असता, तर कोणाला कळणार होते? पण दुसऱ्याच्या कपाळी आपली चूक लिहून झोप कशी यावी! गाडीत बसून त्याने प्रेंटिसला फोन लावला आणि घडले ते सारे सांगितले.

“तुझी नजर गेली, असं लिहून घेऊ का मी?” प्रेंटिसने विचारले.

“लिहा. पण आधी ड्रॉबटला पाचवा करा.”

प्रेंटिसने दोन्ही केले. जूनमध्ये ड्रॉबटच्या घरी करार पोहोचला, ऑर्व्हिलच्या घरी आभाराचे दोन ओळींचे पत्र. बायको मार्लीनने ते वाचून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नोकरीचे फार लागले का, असे विचारले.

“नोकरीचं नाही गं,” तो म्हणाला. “ड्रॉबट यादीत वर सरकला, तसा बारावा लावॅली तेरावा झाला. तोही चांगला आहे.”

पूर्वी आपण पारखलेल्या खेळाडूविषयी दुसऱ्या संघाशी बोलणे म्हणजे स्वामिद्रोह ठरला असता. आता स्वामीच उरला नव्हता. ऑर्व्हिलने चष्मा पुसला, जुनी वही उघडली आणि रीस लावॅलीचे गुण सांगण्यासाठी पहिल्या परक्या संघाला फोन लावला.