सोळा मेचे बेचाळीस अँपिअर

ट्रान्सफॉर्मर दिसला की चिंतामण सायकलवरून उतरायचा आणि त्याची गुणगुण ऐकायचा. पेन्सिल ब्लेडने तासून सालं काड्यापेटीत भरायचा. खाडाखोड त्याला खपत नसे; एक आकडा चुकला की अख्खं पान नव्याने लिहून काढी. कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की त्याचा घास तोंडातच थांबे.

बालाघाटातल्या सरकारी नोकरदारांच्या घरातला हा मुलगा बाहेरगावी वीजप्रणालीत एम.ई. करत होता. शहराला कोणत्या तासाला किती वीज लागते, आणि त्यातली किती तारांतच वाया जाते, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. एकोणीसशे एकोणसत्तरच्या जूनअखेर प्रबंध दिला की कॉलेजात लेक्चररची जागा ठरलेली होती. नाक्यापलीकडच्या सबस्टेशनची वर्षभराची नोंदवही त्याने उतरवून आणली होती. त्या उन्हाळ्यात तो घरी आलेला असताना त्याचा मित्र गुणाकर आकडे वाचून दाखवी आणि चिंतामण स्लाइड रूलवर गणित करी. गुणाकर मराठीचा एम.ए. अँपिअर म्हणजे काय हे त्याला धड ठाऊक नव्हतं, पण आवाज स्वच्छ होता.

“सोळा मे, संध्याकाळी सात, बेचाळीस अँपिअर,” त्याने वाचलं.

चिंतामणने स्लाइड रूल खाली ठेवला. “पुन्हा वाच.”

पुन्हा तेच.

“गुण्या, त्या दिवशी आमच्या अहिल्याचं लग्न होतं बे. लाइन पाचालेच गेलती. पंगतीत गॅसबत्ती धरून तूच त उभा होता.”

दोघे तडक सबस्टेशनवर गेले. दुपारचे दोन वाजले होते. टेबलावरच्या नोंदवहीत त्या दिवसाचे रात्री दहापर्यंतचे आकडे भरून तयार होते. वहीच्या कोपऱ्यात पानाच्या पिंकेचा थेंब, अजून ओला. ऑपरेटर तेजरामने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. त्याने काही लपवलं नाही.

“हौ, सकाळीच भरून ठेवतो भाऊ. रोज तसंच त असते. सायबाले आकडे पाह्यजे, तुमाले आकडे पाह्यजे. देल्ले.”

चिंतामणने वही पेन्सिलीच्या टोकाने दूर लोटली. चहा तसाच राहिला. बाहेर नळावर गुणाकरने दोनदा चूळ भरली. चार आठवडे तो हे वाचत होता.

प्राध्यापकांना चिंतामणने सगळं सांगितलं. ते हसले. गणिताची रीत बरोबर आहे, आकडे कोण बघतो, असं म्हणून त्यांनी पेढे कधी देतोस ते विचारलं. आई विमलाबाईंनीही एकदा जेवताना देऊन टाक म्हणून पाहिलं. तो ताटावरून उठला. प्रबंध त्याने दिला नाही. जागा दुसऱ्याला गेली.

एक जुलैपासून तो स्वतःच सबस्टेशनवर जाऊ लागला. संध्याकाळी पाच ते दहा, तासातासाला मीटर बघायचा आणि आपल्या वहीत लिहायचा. वीज गेलेली असली की शून्य. पुरं वर्षभर लिहायचं, मग प्रबंध नव्याने. वही तिथेच खुंटीला टांगलेली असे. तेजराम हसायचा, पण बसायला खुर्ची द्यायचा.

नोव्हेंबरात चिंतामण दोन दिवस तापाने पडला. तिसऱ्या दिवशी गुणाकर त्याच्यासोबत गेला. तेजराम खुशीत होता.

“तुमचा खाडा पडू नाही देल्ला भाऊ. दोन्ही दिवस भरून ठेवले.”

चिंतामणने वही उघडली. पाच आणि सहा नोव्हेंबर. सुबक, तिरपे आकडे. तेजराम शाबासकीची वाट बघत उभा होता. गुणाकर हळूच म्हणाला, दोन दिवस खोडून टाक आणि पुढे चालू ठेव.

“बाकीचे मीच मीटर पाहून लिहिले, हे कोणाले पटवू आता?”

त्याने वही खुंटीला लावली, तळवे पँटला पुसले आणि सायकल काढली. पुढे तो किरनापूरच्या शाळेत गणित शिकवू लागला.

वही नंतर गुणाकरने आणली. एकशे सत्तावीस दिवस चिंतामणच्या हाताचे आहेत, दोन तेजरामचे. सात नोव्हेंबरपासून जूनअखेरपर्यंत आखलेले रकाने कोरे आहेत.