रामदासचा वेग वीसच होता

मित्रांनो, आज दुपारी दिंडोरीला माझ्या मित्राच्या, रामदासच्या घरी जाऊन आलो. उतारावर त्याचा ट्रॅक्टर थांबलाच नाही, थेट नाल्यात गेला. त्यात रामदास गेला, त्याला आज पंधरा दिवस झाले.

चहा ठेवता ठेवता वहिनींनी विचारलं, "भाऊजी, गावात बोलतात, ह्यांनी ट्रॅक्टर लय पळवला. तुम्ही पुस्तकं वाचता, खरं काय ते सांगा."

मी कॉलेज पाहिलेलं नाही, पण भौतिकशास्त्र स्वतः शिकलोय आणि आकड्यात चूक मला खपत नाही. कागद मागितला. एक खेप वाचवायला त्याने दोन खेपांची द्राक्षं भरली होती. ट्रॅक्टर, ट्रॉली, क्रेट धरून आठ टन. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या सांगण्यानुसार वेग ताशी वीस. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. दोन टनांची जीप ऐंशीने पळवली तर तेवढाच भरतो. त्यात ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते.

"म्हणजे हे हळूच चालले होते?"

"हळूच, वहिनी. ओझ्याने थांबू दिलं नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग ओझ्याचं हे ह्यांना कधी सांगितलं नाय तुम्ही?"

गेल्या हंगामात सांगायला गेलो होतो. "आले आमचे प्रोफेसर!" म्हणत तो चारचौघांत हसला. मी रागाने उठून आलो आणि पुन्हा विषय काढला नाही.

वहिनींना मात्र म्हणालो, "तसा विषयच निघाला नाही."

उद्या जाऊन खरं सांगू का? तुम्ही काय केलं असतं?