मायसेल्फ सर

आमच्या कॉलेजात सरांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. सगळे त्यांना ‘मायसेल्फ सर’ म्हणायचे. हा शब्द ज्यांना कानावर पडलेलाही खपायचा नाही, त्यांनाच तो चिकटला होता. पहिल्या तासाला ते एकेकाला उभं करून इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगत. पोरं ओळीने ‘मायसेल्फ अमुक’, ‘मायसेल्फ तमुक’ म्हणायला लागली की सर खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहत. दाढ ठणकत असलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी बिलोली तालुक्यातल्या खेड्यातून नांदेडला आलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं त्याआधी कोणी नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा वसतिगृहापासून घोकत आणलेलं वाक्य मी खाली बघून म्हटलं.

“मायसेल्फ अश्विनी.”

सर खिडकीपासून वळले. “तुला स्वतःचं नाव सांगायची भीती वाटते का गं?”

“नाही सर.”

“मग त्या ‘मायसेल्फ’च्या मागं कशाला लपतेस? ‘आय ॲम अश्विनी’ म्हण. फळ्यावर बघ.” त्यांनी खडूने इंग्रजी ‘आय’ काढला, एकच उभी रेघ. “हे अक्षर कसं उभं आहे? कोणाला टेकलंय का? तसं उभं राहायचं.”

मी पुन्हा म्हटलं. वर्ग हसला नाही, कारण पुढची पाळी त्यांचीच होती. माझ्या नावाचं पहिलं नीट इंग्रजी वाक्य ते.

सरांच्या वर्गात चुकणं हा गुन्हा नव्हता, पण सुटका नव्हती. कोणी ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ म्हटलं की सर विचारत, “हॅविंग? बहिणींना घेऊन जेवायला बसलास का?” कोणी ‘कझिन ब्रदर’ म्हटलं की ते मान हलवत. “नात्यांच्या बाबतीत इंग्रजी गरीब भाषा आहे. चुलत, मावस, आत्ये, मामे, सगळे एकाच पोत्यात. पण म्हणून आपण तिला ठिगळ लावायचं नाही. नुसतं कझिन.” आणि ‘रिव्हर्ट बॅक’ ऐकलं तर ते खडू खाली ठेवत. “रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं नव्हे. आणि असलं तरी पुढं ‘बॅक’ कशाला? एका बैलाला दोन शेपट्या कशाला?” मागच्या बाकावरचा कैलास हदगावकडचा, सरांच्याच भागातला. तो म्हणाला होता, “सर, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.” त्या दिवशी सर हसले होते. ते हसले की त्यांचं वय कमी वाटायचं.

संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर सर बसस्टँडपर्यंत चालत जात आणि आम्ही काही जण त्यांच्याबरोबर चालायचो. हा आमचा दुसरा तास. रस्त्यावरची एकही पाटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वाढदिवसांची बॅनरं, शिकवण्यांच्या जाहिराती, मोबाइलची दुकानं. “ही वाच. काय चुकलंय?” असं विचारत ते पुढे चालत राहायचे. चौकात एक रसवाला होता. त्याच्या गाड्यावरच्या तीन शब्दांच्या इंग्रजी पाटीत तिन्ही शब्द चुकलेले होते. सर रोज रस प्यायचे आणि रोज त्याला पाटी बदलायला सांगायचे.

“सर, रस गोड हाय का न्हाई तेवढं सांगा,” रसवाला म्हणायचा. “पाटी पिऊन कोन बघतंय? चालतंय की!”

या ‘चालतंय’वर मात्र सर खरोखर चिडायचे. व्याकरणाच्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त. “हाच आपला खरा रोग आहे,” ते पुढे गेल्यावर आम्हाला म्हणायचे. “रस्ता उखडला, चालतंय. गाडी आली नाही, चालतंय. वर्गात शिकवायला माणूस नाही, चालतंय. माझ्या वर्गात सगळं बोला, हा शब्द बोलायचा नाही.” आणि खरंच, त्यांच्यासमोर आम्ही तो शब्द गिळायला शिकलो होतो.

एकदा मी धीर करून विचारलं, “सर, समोरच्याला कळलं म्हणजे झालं ना? एवढं कशाला धरायचं?”

सरांनी चाल मंद केली. मग म्हणाले, “मोठ्या घरचं पोरगं चुकलं तर लोक म्हणतात, काय सहज बोलतो. आपण चुकलो तर म्हणतात, बघा, खेड्यातून आलाय. चूक एकच असती. आपल्याला ती परवडत नाही, अश्विनी.” आणि चालता चालता, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगतो आहोत असं सांगितलं. विद्यार्थी असताना ते पुण्याला एका मुलाखतीला गेले होते. ‘मायसेल्फ’नेच सुरुवात केली होती. आतल्या लोकांनी समोर काही म्हटलं नाही. “दार लावून बाहेर आलो आन् मागं हसणं ऐकू आलं. मी तिथंच उभा राहिलो. हसणं थांबायची वाट बघत. लवकर थांबलं नाही ते.”

सर कॉलेजात तासिकेवर होते. म्हणजे जितके तास शिकवले तितकाच मोबदला. सुट्टी आली की काही नाही, मे महिन्यात तर काहीच नाही. उन्हाळ्यात ते हदगावला भावाच्या शेतावर जायचे आणि जूनमध्ये परत यायचे तेव्हा खडू धरणाऱ्या बोटांना भेगा असायच्या. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. “पर्मनंट झालो की बघू” असं ते म्हणत, आणि केस कानाजवळ पांढरे झाले तरी म्हणत होते. नांदेडला भाड्याच्या खोलीत ते आणि त्यांची आई राहायची. आम्ही मुली एकदा गणपतीत गेलो होतो तेव्हा त्या माउलीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “बाई, तू शिकलेली हायस. हे पर्मनंट म्हंजी काय असतंय? कवाधरून हे पोरगं त्याचंच नाव घेऊन राहिलं.” मी म्हटलं, “होतील आजी लवकरच.”

मी तिसऱ्या वर्षाला असताना ती जागा निघाली. इंग्रजीची, कायम स्वरूपाची, आमच्याच कॉलेजात. ती बातमी आल्यापासून सगळं कॉलेज सरांसाठी देव पाण्यात घालून बसलं होतं. आम्हाला एकच भीती होती, आणि ती हसतहसत का होईना प्रत्येकाने बोलून दाखवली होती. संस्थेच्या अध्यक्षांना इंग्रजीत बोलायची फार हौस. गॅदरिंगच्या भाषणात ते बोलायचे तेव्हा आम्ही स्टेजकडे बघायचोच नाही, सरांच्या चेहऱ्याकडे बघायचो. कैलास तर सरांना म्हणालाच, “सर, त्या दिवशी कानात बोळे घालून जावा.” सर म्हणाले, “चूक ती चूक. अध्यक्षांची झाली म्हणून बरोबर होते का?”

मुलाखत झाली त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात थांबलो होतो. शिपाई गंगाधरमामा आत चहा घेऊन गेले होते. ते बाहेर आले ते रिकामा ट्रे छातीशी धरून.

“मामा, काय झालं?”

“काय व्हतंय,” मामा हळू आवाजात म्हणाले. “साहेब सरांना म्हनले, मायसेल्फ हाय इथला अध्यक्ष. आन् पुढं लई वेळ इंग्रजीत. म्या कप ठेवून राहिलतो. म्हनलं, आता धरतेत सर. मेलं आता सगळं.”

“मग?”

“मग काय. सर म्हनले, यस सर. व्हेरी नाइस सर.” मामा थांबले. “हसले बी जरासं. म्या त्यांना तसं हसताना कधी बघितलं न्हाई.”

आम्हाला सुटल्यासारखं झालं. कैलासने माझ्या हातावर टाळी दिली. सर्वांना वाटलं, झालं आता काम. मामा तेवढे म्हणाले, “बरंच केलं म्हना. पोटाचं हाय.” पण ते खुशीत नव्हते. ट्रे घेऊन ते तिथेच जरा वेळ उभे राहिले.

जागा सरांना मिळाली नाही. ती कोणाला जाणार हे म्हणे आधीच ठरलेलं होतं. मुलाखत हा नुसता रिवाज होता. नवे सर जावई लागत होते, कोणाचे ते महत्त्वाचं नाही. ते वाईट माणूस नव्हते. आम्हाला नीट शिकवायचे आणि आम्ही काहीही बोललो तरी ‘गुड, गुड’ म्हणायचे.

सरांचे थोडे तास त्या वर्षीचे शिल्लक होते, ते त्यांनी संपवले. निकाल कळल्यावरचा त्यांचा पहिला तास मला आठवतो. त्यांना जरा हसू यावं म्हणून कैलास मुद्दाम उभा राहिला. “सर, टुडे माय कझिन ब्रदर विल रिटर्न बॅक.” एका वाक्यात दोन चुका, सरांच्या आवडीच्या. आम्ही सगळे तोंड दाबून वाट बघत होतो. सरांनी त्याच्याकडे बघितलं. “बरं. जाऊ शकतोस,” त्याने सुट्टी मागितल्यासारखं ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले. कैलास तसाच उभा राहिला. कुठे जायचं होतं त्याला? बसताना तो मला पुटपुटला, “अगं, सर ऐकूनच नाही राहिले.” पण त्यांनी ऐकलं होतं. लिहिता लिहिता त्यांचा खडू थांबलेला मी पाहिला होता.

जूनमध्ये सर परत आले नाहीत.

पदवी झाल्यावर मला लातूरच्या एका शिकवणी वर्गातून मुलाखतीचं बोलावणं आलं. लहान वर्गांना इंग्रजी शिकवायची जागा. घरी सगळ्यांना आनंद झाला आणि माझी झोप उडाली. मी वडिलांना म्हटलं, एकदा सरांकडून तयारी करून घेते. कैलासकडून पत्ता घेतला आणि हदगावची बस धरली.

सर बाजारपेठेत भावाच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसलेले होते. दुकानावरची इंग्रजी पाटी ठळक होती आणि तिच्यात ‘फर्टिलायझर’ चुकलेलं होतं. मी ती वाचली आणि उगीच मान खाली घातली. सर मला बघून उठले. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. त्यांची आई उन्हाळ्यातच गेल्याचं मला तिथे कळलं. “झोपेतच गेली,” ते म्हणाले. “त्रास नाही झाला तिला.” गिऱ्हाइकं येत होती. एक म्हातारबाबा अळी पडलेलं सोयाबीनचं पान घेऊन आले होते. सर ते उलटंपालटं करून बघत होते, औषध कसं मारायचं ते सांगत होते. दोनदा, तीनदा, न कंटाळता. शिकवत होते तसंच.

बाबा गेल्यावर मी म्हटलं, “सर, मुलाखत आहे. एकदा माझी ओळख ऐकता का?”

“अगं, तुझं चांगलं आहे इंग्रजी.”

“तरी सर. एकदा.”

ते हात पुसून समोर बसले. मी उभी राहिले. मला अजून सांगता येत नाही की ते मी मुद्दाम म्हटलं, की घाबरून तोंडातून गेलं.

“मायसेल्फ अश्विनी.”

मी थांबले. मला खात्री होती की आता ते रस्त्याकडे तोंड करतील, दाढ ठणकल्यासारखा चेहरा करतील. मी त्याची वाट बघत होते. सर माझ्याकडेच बघत होते, मायेने.

“पुढं बोल की,” ते म्हणाले. “चालतंय.”

पुढचं मी कसं बोलले ते आठवत नाही. ते मला बसपर्यंत सोडायला आले. वाटेत पाट्या होत्या. त्यांनी एकही वाचली नाही. गाडी हलताना त्यांनी विचारलं, “लातूरला राहायची सोय आहे ना? जेवणाची हयगय करू नको.” वडील विचारतील तसं.

लातूरला मुलाखतीत मी उभी राहिले, ताठ, कोणाला न टेकता. “आय ॲम अश्विनी” म्हणाले आणि पुढचं सगळं नीट झालं. शेवटी मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ फाइल मिटवून इंग्रजीत म्हणाले की आम्ही तुम्हाला लवकरच रिव्हर्ट बॅक करू. दोन शेपट्यांचा बैल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गृहस्थ माझ्याकडे बघत होते. बाहेर बाकावर माझे वडील पिशवी मांडीवर घेऊन बसलेले होते.

“येस सर,” मी म्हणाले. “थँक यू सर.” आणि हसले.

दार लावून मी तिथेच उभी राहिले. आत कोणी हसलं नाही. सरांना एवढं तरी सांगावं म्हणून मी फोन काढला. त्यांचं नाव समोर आणलं. वडील उठून जवळ आले आणि विचारू लागले, “काय झालं बाई? काय म्हनले?” मी फोन परत पर्समध्ये टाकला. सर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं, आणि त्या दिवशी ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.