मुद्दाम संथ दिलेली टेस्ट

“कन्कशन आहे, दुसऱ्यांदा,” डॉक्टर म्हणाल्या. कन्कशन म्हणजे डोकं आपटून मेंदूला बसलेला हादरा. माझी मुलगी ऋचा युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आइस हॉकी खेळते. बारा दिवसांत दोनदा तिचं डोकं रिंकच्या कडेच्या भिंतीवर आदळलं होतं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. मला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाल्या, “स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हादरा दिसत नाही.” बरं व्हायला किती दिवस, ते सांगता येत नाही. त्याआधी पुन्हा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. मी म्हटलं, दोन आठवडे धरू या? इथे परदेशात, पाया लेबार भागात माझं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. शून्यातून उभं केलंय, भावांची, मुदतींची घासाघीस करतच. “मी तुम्हाला कोटेशन देत नाहीये,” त्या म्हणाल्या.

पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून ऋचा पडून राहिली. ट्यूबलाइट सहन होईना. एक पान तीनदा वाचून विसरायची. मला घरात हळू बोलावं लागे, आणि ते मला जमत नाही.

माझा राग तिच्या कोचवर होता. पहिल्या मारानंतर पाचव्याच दिवशी तिला बर्फावर सोडलंच कसं? त्याचं एकच उत्तर: टेस्ट पास झाली. मोसमाआधी खेळाडूंची बेसलाइन टेस्ट होते, म्हणजे धडधाकट असताना कम्प्युटरवर स्मरणशक्ती आणि वेग मोजून ठेवतात. लागलं की तीच टेस्ट पुन्हा. आकडे जुळले की परवानगी. तक्रारीला जोडायचे म्हणून मी दोन्ही निकाल मागवले आणि डॉक्टरांपुढे ठेवले.

त्या पहिल्याच, बेसलाइनच्या कागदावर अडल्या. “ऋचा, हे आकडे फारच कमी आहेत. त्या दिवशी तू आजारी होतीस?”

“एव्हरीबडी डू लाइक दॅट ला,” ऋचा इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, सगळेच असं करतात. पहिली टेस्ट मुद्दाम स्लो द्यायची, मग लागलं तरी पास. नंतर माझ्याकडे न बघता मराठीत, “धंद्यात पहिला आकडा कमीच सांगायचा, आई. तूच म्हणतेस ना?”

मी कागद गोळा करून फाइलमध्ये घातले.

तक्रार मी तरीही पाठवली. एवढे कमी आकडे पाहून कोणाला शंका येऊ नये? अजून उत्तर नाही. पण तुमची मुलं असे खेळ खेळत असतील, तर पहिली टेस्ट कशी दिली ते घरीच विचारा. ओरडू नका. ओरडलं की ती लपवतात.

दहाव्या आठवड्यात तिला खेळायची परवानगी मिळणार होती. मोसमातली शेवटची मॅच चार दिवसांवर होती. सगळ्या तपासण्या नीट झाल्या, डॉक्टरांनी पेन उचललं, तेवढ्यात ऋचा म्हणाली, “सायकल चालवली की अजून दुखतं. थोडंसं.” कोणी विचारलं नव्हतं.

परवानगी पुढे गेली. मोसम गेला. बसस्टॉपवर ती रडली. मी तिला थँक यू म्हटलं.

“कशाला?”

“सांगितलंस म्हणून.”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आमच्या दोन बस गेल्या, आम्ही बसूनच राहिलो.