पिंबालवाले मामा

आमच्या मामांच्या तोंडात ‘झालं’ हा शब्दच नव्हता. मामा म्हंजे माझे सासरे, अख्खं गाव त्यायला मिस्तरी म्हणायचं. कोनी इचारलं, मिस्तरी, माझा पंप झाला का, तर म्हणायचे, “झाल्यासारखा हाय.” रेडिओ झाल्यासारखा, कंदील झाल्यासारखा. माझ्या लग्नाच्या बोलनीत माझ्या बापानं इचारलं, पोरगं नोकरीला लागलं का, तर म्हणाले, “लागल्यासारखं हाय.” माझा बाप उठायच्याच बेतात व्हता. आन् हे तर परभणीला एका हापिसात शिपाई म्हणून कवाच लागले व्हते! पर मामांचं म्हणनं, पंप काय आन् नोकरी काय, झालं म्हणलं की बिघडतंय.

जिंतूरच्या एका जिनिंगमधी ते तेल घालायच्या कामाला व्हते, सारी हयात कापसाच्या धुळीत गेली. जिनिंग बंद पडायला आली तवा सरकीच्या गोदामात एक मोडकी पेटी निघाली. मालकाच्या पोरानं शिकंदराबादहून खेळायला आनलेली, बिघडली तशी फेकून दिलती. आत उंदरायनी घर केलतं. मालक म्हणाला, मिस्तरी, सरपनाला नेता का. मामायनी ती बैलगाडीत घातली, वर गोधडी टाकली आन् बोरीच्या अलीकडं आमच्या गावाला घिऊन आले, नवी नवरी आनावी तशी. मालकाचं पोरगं तिला पिनबॉल म्हणायचं, मामा म्हणायचे पिंबाल.

टेबलावानी लांब पेटी, चार पायाची, वरून काच. पुढचा दांडा ओढून सोडला की लोखंडाची गोळी सुसाट वर जायची, मंग खांबायला धडकत, दिवे लावत, घंटी वाजवत खाली यायची. खाली दोन फळ्या व्हत्या. बाजूची बटनं दाबली की फळ्या उडायच्या आन् गोळीला परत वर हानायच्या. दोन फळ्यांच्या मधून गोळी निसटली की खेळ खलास. इतकंच. पर मामा त्याच्याम्होरं बसले की जेवायचं ध्यान न्हाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्याच्यामुळं रागवायला बी कोनी नव्हतं, आन् मी कशी रागवू?

आमचं घर म्हंजे एक खोली आन् पुढं पडवी. खोलीत पिंबाल, पिंबालच्या खाली तारांची भेंडोळी, आन् माझी सुमी नुकतीच रांगायलेली. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. भाकर थापू का लेकराकडं बघू. म्या म्हणलं, मामा, करंट लागंल लेकराला. तर म्हणाले, “न्हाई लागत गं माय, मधी लाकूड घातलंय.” म्या म्हणलं, “मामा, लेकरू वलं असतंय.”

दुसऱ्या दिशी पाहते तर सारं मशीन उघडलेलं, आतली तांब्याची गुंडाळी उकलून जाड तार भरायलेत. कितीक दिस तेच चाललं. मंग एक दिस ट्रॅक्टरच्या दोन जुन्या बॅटऱ्या आनल्या, जोडल्या आन् पिंबाल बॅटरीवर चालायला लागलं. मला बोलवलं, तार उचलली आन् जिभेला लावली. मी किंचाळले! मामा म्हणाले, “भेऊ नको. नुसतं आंबट लागतंय.”

तसं एक एक सुधारायचे. खांबायला रबर सायकलच्या ट्यूबाचं कापून घातलं. मूळची गोळी हारपलेली, तर जिनिंगच्या बेअरिंगातली घातली. मागच्या काचेवर कोन्या गोऱ्या बाईचं चित्र व्हतं, अर्धं फुटलेलं, मी त्याच्याकडं पाठ करूनच बसायची. तिथं पत्रा बसवून स्वताच्या हातानं इमान काढलं, मागं निळंशार आभाळ. कुठं इमान पाहिलं व्हतं कोन जाने, त्याला बैलगाडीवानी चाकं काढलेली. गाव बघायला यायचं, हासायचं, मामा बी हासायचे आन् म्हणायचे, “अजून एक काम राहिलंय.”

जत्रेत फिरनारा एक पाळणेवाला व्हता, त्याला आमी चाचा म्हणायचो. त्याला पिंबाल घ्यायचं व्हतं. दोनदा येऊन गेला, दोन्ही बारीला मशीन उघडं, आतली आतडी पोत्यावर मांडलेली. चाचा म्हणाला, “अरे मिस्तरी, ये मुर्गी है क्या? जब देखो तब पेट फाडके रखता!” आन् रिकाम्या हातानं गेला.

मंग ते नामांतराचं निघालं. इद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं, आमच्या वस्तीत पेढे वाटले, आन् पेढे तोंडात व्हते तवर एसटीतनं बातम्या यायला लागल्या. अमक्या गावात घरं जाळली, तमक्या गावात मानसं लेकरंबाळं घिऊन रानात पळाली. आमच्या गावात कोन काय म्हणत नव्हतं, आन् मला त्याचंच जास्त भेव. चक्कीवर माझा डबा पुढं असला तरी मागं सरकायला लागला. चक्कीवाला रोज इचारायचा, मिस्तरी बरे हायेत का, तो आता मान वर करीना. मी दळन घिऊन येताना सारखी मागं बघायची. सुमीला खाली ठिवायची बी मला हिंमत व्हईना.

रविवारी हे आले, घामेघूम. उभ्या उभ्याच म्हणाले, “आन्ना, आजच निघायचं. खोली बघितलीय म्या. सामान मंग नेऊ.”

“आन् मशीन?” मामा म्हणाले.

“मशीन राहू द्या की!”

“असं कसं राहू देऊ? पाठीमागं कोनी काडी लावली तर? पाळणेवाल्याला निरोप धाडलाय, बाजारच्या दिशी येतो म्हणलाय. इकल्यासारखंच हाय.”

“इकल्यासारखं!” हे कपाळाला हात लावून खालीच बसले. मंग मला म्हणाले, “तू चल लेकरू घिऊन, आन्ना येतेल मागून.”

म्या न्हाई म्हणलं. मी गेले असते तर मामा मागून आलेच नसते, नुसते सुधारत बसले असते, आन् मंग काय झालं असतं ते माझ्या डोळ्याम्होरून हालत नव्हतं. ह्यांची दुसऱ्या दिशी डूटी, ते गेले. मी, मामा, सुमी आन् ते पिंबाल. ते इकल्याबिगर मामा हालत न्हाईत आन् मामांबिगर मी हालत न्हाई, असं सारं अडकलं.

बाजारच्या दिशी सकाळी चाचाचा ट्रक आला. मागं पाळण्याचे लाकडी घोडे, तंबूचे बांबू. म्या मामांपुढं हात जोडले. म्हणलं, मामा, आज मशीन उघडू नका, आज फकत झालं म्हना. मामा म्हणाले, “बरं गं माय.”

चाचानं दांडा ओढला, गोळी सोडली. दिवे लागले, फळ्या उडाल्या, चाचाचं तोंड लेकरावानी झालं. मंग म्हणाला, “आवाज किधर है?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाजानं लोकायचं ध्यान आपल्याकडं जाईल म्हणून म्याच घंटीला सुमीचं दुपटं गुंडाळायला लावलं व्हतं. मामायनी हात घालून दुपटं काढलं आन् घंटी अशी वाजली की शेजारची दारं उघडली. मी सुमीला छातीशी धरून भिताडाला चिकटले.

“करंट कुठून घेतला?” चाचा वाकून बघायला लागला.

“करंट लागत न्हाई. ट्रॅक्टरची बॅटरी.”

“जत्रेत तर करंटच नसतो! ये किसने सुझाया रे?”

“हिनं,” मामा म्हणाले.

“इसकु मशीन का समझता?”

“मशीनीतलं न्हाई समजत. हिला भेव समजतंय.”

चाचा माझ्याकडं बघून हासला, मी पदर वढून घेतला. मंग त्यानं पेटीला मांडीनं धक्का दिला, गोळी वळवायला. घंटी खनखन वाजली. अजून एक दिला, तर सारे दिवे गेले, फळ्या मेल्या.

“ये क्या हुआ?”

“आत लटकन हाय,” मामायनी समजावलं. “पेटी हालवली की ते कड्याला लागतंय आन् मशीन बंद व्हतंय. आधी पैल्याच धक्क्याला मरायचं. म्या सुधारलं, आता पैल्या धक्क्याला घंटी, दुसऱ्याला बंद.”

“निकाल डालो. पब्लिक धक्का मारेगीच.”

“काढलं तर गोळी खाली पडनारच न्हाई, एकच मानूस हालवून हालवून दिसभर खेळंल. तुझ्या पोटावर पाय.”

“हौ, ये भी सही है.” चाचा मागच्या पत्र्यापाशी आला आन् त्याचं हासू कमी झालं. आवाज बारीक करून म्हणाला, “मिस्तरी, ये नीला रंग? मेरेकु गाव गाव फिरना है. इन दिनों में नीला नक्को.”

आता मोडतंय सगळं, आता न्हाई घेत हा. मनात म्हणलं, मामा, पुसून टाका, हिरवं करा, लाल करा, काई बी करा. मामायनी पत्र्यावर हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा.

“आभाळ हाय ते,” ते म्हणाले. “इमान उडायचं तर आभाळ लागंलच. आन् आभाळ निळंच असतंय चाचा, म्या काय करू?”

चाचा असा खदाखदा हासला की डोळ्यात पानी आलं. म्हणाला, “आसमान कु कौन क्या बोलेगा! चलो. और कुछ बाकी?”

मी मामांकडं डोळे मोठे करून बघायला लागले. मामायनी माझ्याकडं बघितलं. व्हट उघडले, मिटले. मंग म्हणाले, “झाल्यासारखं हाय. डाव्या फळीचं तेवढं एक...”

“बस!” चाचानं हात वर केला. “झाल्यासारखा माल मैं नहीं लेता. जत्रा में बंद पड्या तो पब्लिक मेरेकु मारती. लेना है तो मिस्तरी के साथ लेता. तू चल मेरे संगट.”

मला वाटलं मस्करी हाय. मी हासले सुदिक. पर मामा हासले न्हाईत.

“राहायचं कुठं?” त्यायनी इचारलं.

“जहाँ मैं, वहाँ तू. तंबू में.”

म्या म्हणलं, “मामा, आपल्याला परभणीला जायचंय ना. खोली हाय.”

“केवढी हाय गं खोली?”

ह्यायनीच सांगितलं व्हतं, चूल पेटवली की अंथरून उचलावं लागतंय. मामा म्हणाले, “तुमी तिघं नीट निजा. आन् माझी फिकीर करू नको. खेळाला येनारा मानूस पैसा टाकतंय आन् गोळी सोडतंय, मिस्तरी कुठल्या वस्तीतला ते इचारत न्हाई.” मंग चाचाकडं वळले. “भाव तू म्हणशील तो. पर आधी माझी सून आन् नात परभणीला दारात सोडायची, मंग तुझी जत्रा. हे कबूल असंल तर उचल.”

“कबूल,” चाचा म्हणाला.

पिंबाल उचलायला चाचाचे गडी व्हते, आन् कोन जाने का, चक्कीवाला बी आला. पेटीचा एक पाय धरून वर चढवू लागला आन् हात झटकून परत गेला. मी घोड्यायच्या मधी बसले, सुमीला पदराखाली झाकलं. वाटेतलं झरी गाव जाईपर्यंत मी डोळे मिटून व्हते. कुठं ट्रक हळू झाला की मी सुमीला अजून आवळायची. मामा मात्र पिंबालच्या अंगावर हात टाकून बसलेले, खड्डा आला की त्याला धरायचे, मंग मला.

परभणीला दारात हे उभेच व्हते. मला ट्रकातनं उतरवलं, मामायनी वरून सुमीला ह्यांच्या हातात दिलं. हे म्हणाले, “आन्ना, उतरा की.” मामा उतरलेच न्हाईत. म्हणाले, “उतरलो तर राहीन.” आन् चाचाला म्हणाले, चल. मी ट्रकामागं चार पावलं पळाले, मामा, जेवून तर जा, म्हणून वरडले. त्यायनी हात हालवला. घोड्यायच्या डोक्यामधी त्यांचं पांढरं डोकं लय येळ दिसत व्हतं.

आमच्या गावात पुढं काई झालं न्हाई. घर तसंच हाय, कुलूप तसंच हाय. लोक म्हणतेत, उगी भेला तुमी, उगी म्हाताऱ्याला घालवलं. असंल. पर ते मला तवा कुठं मालूम व्हतं?

मामा परत आले न्हाईत. निरोप येतो कवा तरी, एसटीच्या डायवरच्या तोंडी, आज ह्या जत्रंत, उद्या त्या. आता ह्या खोलीत सुमीच्या पाठीवरचं बी एक लेकरू झालंय. हे पेपर आनतेत, कुठं दगडफेक, कुठं मारामारी असं वाचून दाखवतेत, आन् मी इचारते, तिथं जत्रा असंल का हो? हे म्हणतेत, मला काय मालूम. मंग मला घास जात न्हाई.

पाळण्याचा ट्रक दिसला की मी दोन्ही लेकरं घिऊन पळते. परवा स्टँडापाशी एक उभा व्हता. म्या धापा टाकत इचारलं, दादा, तुमच्यात एक म्हातारे मिस्तरी हायेत का, बरे हायेत का? डायवर बिडी पेटवत म्हणाला, “हायेत की बाई. लय बरे हायेत.” मी तशीच घरी आले, भाकरी केल्या, आन् तव्यावर शेवटची भाकर असताना माझ्या ध्यानात आलं, म्या मामांचं नाव तर सांगितलंच नव्हतं. कोन्या म्हाताऱ्याचं सांगितलं त्यानं, कोन जाने.

तरी त्या दिशी मी पोटभर जेवले.